प्ररोचना ते ट्रेलर : भयाच्या जातकुळीचा विचार

साहित्यप्रकारांची चर्चा निघाली की आपल्यासमोर महाकाव्य, नाटक, कादंबरी, कथा, निबंध ही मानाची मंडळी उभी राहतात. चित्रपटगृहाच्या अंधारात मुख्य चित्रपटाआधी झळकून जाणारा दोन-अडीच मिनिटांचा तुकडा, ज्याला सारे जग ट्रेलर म्हणते, त्यालाही या पंक्तीत पाट मांडावा असे सहसा कोणाला सुचत नाही. आणि तो ट्रेलर भयपटाचा असेल तर मुळीच नाही. भुताखेतांचा चित्रपट, आणि त्यातही त्याची जाहिरात! तरीही प्रस्तुत निबंधात आम्ही याच तुकड्याचा विचार योजिला आहे. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, आपली जातकुळी इतक्या थोड्या अवधीत आणि इतक्या उघडपणे सांगण्याची सक्ती दुसऱ्या कोणत्याही रचनेवर नसते. दुसरे कारण आपल्या घरांशी निगडित आहे. मुंजा, हडळ, ब्रह्मसमंध ही आपल्या आजी-पणजीच्या तोंडची मंडळी. खातेगांवसारख्या गावातील मराठी घरांत वाढणाऱ्या मुलांना ती आता बहुधा हिंदी चित्रपटाच्या ट्रेलरमधून प्रथम भेटतात. त्या भेटीत काय पोचते आणि काय वाटेत गळून पडते, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम जातकुळी या शब्दाविषयी. पाश्चात्त्य समीक्षेत कलाकृतींच्या प्रकारांचा विचार ॲरिस्टॉटलपासून चालत आला आहे. चित्रपटांच्या बाबतीत तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विशेष झाला. रिक ऑल्टमन या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ मध्ये एक उपयुक्त भेद मांडला. त्याच्या मते प्रत्येक चित्रप्रकाराला स्वतःचा शब्दसंग्रह असतो आणि स्वतःची वाक्यरचनाही असते. ओसाड वाडा, विहीर, विझता दिवा, करकरणारे दार हा भयपटाचा शब्दसंग्रह होय. हे शब्द कोणत्या क्रमाने येतात, कशामुळे काय घडते, कोणाच्या कर्माचे फळ कोण भोगतो, हे झाले त्याचे व्याकरण. शब्द उसने घेता येतात. व्याकरण मात्र ज्या समाजात ती गोष्ट जन्मली त्याच्या चालीरीतींतून येते. लिसा कर्नन या विदुषीने २००४ मध्ये अमेरिकन ट्रेलरांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ट्रेलर प्रेक्षकाला तीन वाटांनी बोलावतो, असे तिचे प्रतिपादन आहे : चित्रपटाचा प्रकार, त्याची कथा आणि त्यातले नट. आपल्याकडे स्थळ सांगून येते तेव्हा मध्यस्थ जे करतो तेच हे आहे. तो आधी कूळ-गोत्र सांगतो, मग घरची हकीकत, मग मुलाचे रूपगुण. भयपटाच्या ट्रेलरला यांतली पहिली वाट सर्वांत अधिक कामास येते. त्यात नट नवखे असले तरी चालते, कथा तर झाकूनच ठेवायची असते. उरते ते कुळाचे नाव.

कलाकृतीपूर्वी तिची अशी ओळख करून देण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात पाचव्या अध्यायात पूर्वरंगाची अंगे सांगितली आहेत. त्यांतील शेवटच्या अंगाला प्ररोचना असे नाव आहे. पुढे होणाऱ्या प्रयोगाची वाखाणणी करून प्रेक्षकांची रुची जागी करणे, हे तिचे काम. हेच नाव भारती वृत्तीच्या चार अंगांतही येते. संस्कृत नाटकांतील सूत्रधार कवीचे नाव सांगतो, नाटकाचे नाव सांगतो, प्रेक्षक जाणते आहेत अशी त्यांची स्तुती करतो, आणि मग कथेला वाट करून देतो. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले तेव्हाही रंगभूमीवर प्रथम सूत्रधारच आला. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'ने १८८० मध्ये संगीत नाटकाचे युग सुरू केले, आणि नटी-सूत्रधाराचा प्रवेश मराठी प्रेक्षकाच्या सवयीचा झाला. ट्रेलर हे प्ररोचनेचेच यंत्रयुगातील रूप आहे, असे आम्ही म्हणतो. फरक इतकाच की प्ररोचना प्रयोगाच्या अंगणात उभी राहून बोले. ट्रेलर मात्र प्रयोगाच्या कितीतरी दिवस आधी परक्या अंगणात जाऊन बोलतो.

ट्रेलरचा जन्म अमेरिकेत १९१३ चा मानला जातो. मार्कस लो यांच्या चित्रपटगृहांसाठी काम करणाऱ्या निल्स ग्रॅनलंड यांनी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरील एका संगीत नाटकाची जाहिरात पडद्यावर दाखविली. म्हणजे पहिला ट्रेलर नाटकाचा होता, हे नाट्यवेड्या मराठी माणसाने लक्षात ठेवावे. आरंभी हे तुकडे मुख्य चित्रपटाच्या मागाहून दाखवीत, म्हणून त्यांना मागे ओढत येणारा या अर्थाचे ट्रेलर हे नाव पडले. पुढे ते आधी दाखवू लागले तरी नाव तेच राहिले. त्याच १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि दर तीन आणे, अशा आशयाची त्यांची जाहिरात प्रसिद्ध आहे. तिच्यात कथेचे आकर्षण नव्हते, नटांचे नव्हते. चित्र हलते हाच चमत्कार होता. रसाच्या भाषेत बोलायचे तर आपल्या पहिल्या चित्रपटाची प्ररोचना अद्भुताची होती. भयानकाला आपल्याकडे पडद्यावर स्वतःची जातकुळी मिळण्यास अजून बराच अवकाश होता.

भयपटाच्या ट्रेलरांत प्ररोचनेशी सर्वांत जवळचे नाते सांगणारा नमुना १९६० चा आहे. आल्फ्रेड हिचकॉक याने 'सायको'च्या ट्रेलरमध्ये चित्रपटातील प्रसंग जवळजवळ दाखविलेच नाहीत. सुमारे साडेसहा मिनिटे तो स्वतः प्रेक्षकाला ती खाणावळवजा सराई आणि तिच्यामागचे घर फिरवून दाखवितो. येथे काय झाले ते सांगता सांगता थांबतो. जिना दाखवितो, न्हाणीघर दाखवितो आणि शेवटी पडदा ओढतो, तो किंकाळी ऐकू येते. हा अगदी आपला सूत्रधार आहे. त्याने भूत किंवा खुनी न दाखविता केवळ जागा दाखविल्या आणि त्या जागांनाच भय चिकटविले. आजही भयपटाचा कोणताही ट्रेलर पाहा, त्यातील अर्धाअधिक काळ जागा दाखविण्यातच जातो.

या जागा कोणत्या, हे भरतमुनींनी कधीच सांगून ठेवले आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे विभाव दिले आहेत : विकृत आवाज, भूतपिशाचांचे दर्शन, घुबडे आणि कोल्हे यांचे ओरडणे, ओसाड घर, अरण्य. त्यापुढे अनुभाव येतात : हातापायांचा कंप, डोळ्यांची चंचल हालचाल, अंगावर रोमांच, तोंड उतरणे, स्वर बदलणे. ट्रेलर संकलित करणाऱ्याने हा अध्याय समोर ठेवून काम केले असावे असे वाटावे, इतके साम्य आहे. परंतु एक फरक मोलाचा आहे. चित्रपटात विभाव आणि अनुभाव दोन्ही येतात, भूत दिसते आणि भ्यालेला माणूसही दिसतो. ट्रेलरमध्ये भूत बहुधा झाकलेले असते. दिसतो तो भ्यालेला चेहरा. कारण भूत दाखविले तर तिकीट कशासाठी काढावे? शिवाय आपल्याकडे १९५२ च्या कायद्याप्रमाणे चित्रपटगृहात दाखवायच्या ट्रेलरलाही स्वतंत्र प्रमाणपत्र लागते. रक्त आणि विद्रूपता यांवर त्यामुळे मर्यादा येते, आणि ध्वनी व चेहरे यांवर सारा भार पडतो. म्हणूनच भयपटाच्या ट्रेलरची एक ठरीव चाल बनली आहे. आरंभी घरगुती शांतता, मग एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा इशारा, मग त्या इशाऱ्याचे उल्लंघन. त्यानंतर दृश्यांची वाढत जाणारी लगबग, अचानक निःशब्दता, चित्रपटाचे नाव. आणि सारे संपले असे वाटत असता शेवटचा एक दचका.

त्याच अध्यायात भरताने भयाचे तीन भेदही सांगितले आहेत. एक व्याजातून, म्हणजे सोंगातून उपजणारे. दुसरे अपराधातून उपजणारे. आणि तिसरे वित्रासितक, म्हणजे कोणी घाबरविल्याने वाटणारे. मूळ ग्रंथात हे भेद पात्राच्या भयाविषयी आहेत. ते थोडे रुंदावून भयपटाच्या जातकुळीला लावले, तर आपल्या भयपटांचा सात-आठ दशकांचा इतिहास त्यांत नीट बसतो, असे आमच्या ध्यानात आले. तो इतिहास आता थोडक्यात पाहू.

पहिला काळ व्याजाचा. कमाल अमरोही यांचा 'महल' १९४९ मध्ये आला. जुनी हवेली, मध्यरात्रीचे गाणे, दिसून नाहीशी होणारी स्त्री, हे सारे त्यात आहे. पण शेवटी ते भूत नसते, माळ्याची मुलगी असते. १९६२ चा 'बीस साल बाद' आणि १९६४ चा 'वह कौन थी' हेही याच वळणाचे. मराठीत वसंत जोगळेकरांचा 'हा खेळ सावल्यांचा' १९७६ मध्ये आला, तोही याच घराण्यातला. त्याचे नावच सांगते की सावल्यांमागे माणसे आहेत. त्स्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने १९७० मध्ये अद्भुत साहित्याविषयी म्हटले आहे की, घडले ते निसर्गनियमाने की त्यापलीकडच्या शक्तीने, या संभ्रमात वाचक जोवर लोंबकळत असतो तोवरच त्या प्रकाराचे आयुष्य असते. या चित्रपटांच्या जाहिरातीला हा संभ्रम शेवटपर्यंत टिकविणे भाग होते. त्या काळी हे काम गाण्याने केले. 'महल'मधील लता मंगेशकरांच्या गाण्याच्या तबकडीवर आरंभी गायिकेचे नाव नव्हते. चित्रपटातील पात्राचे, कामिनीचे, नाव होते. आकाशवाणीवर ते गाणे लागे आणि श्रोते गायिका कोण म्हणून विचारणा करीत. एका अर्थी ते भूतच आपली प्ररोचना स्वतः गात होते. ट्रेलर पाहण्यास चित्रपटगृहापर्यंत जावे लागे. गाणे मात्र कन्नोद-खातेगांवपर्यंत आपोआप येई.

दुसरा काळ वित्रासिताचा. त्याची जन्मकथा जातकुळीचा विचार करणाऱ्याला फार बोधक आहे. कराचीहून फाळणीनंतर मुंबईस आलेल्या फतेहचंद रामसे यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा चित्रपट १९७० मध्ये पडला. पण त्यातील एका प्रसंगाने, भयंकर मुखवटा चढवून आलेल्या पृथ्वीराज कपूर यांच्या प्रवेशाने, प्रेक्षागृहात खळबळ उडत असे. रामसे बंधूंनी हे हेरले. चित्रपट पडला, प्रसंग उभा राहिला. मग साऱ्या चित्रपटाने त्या प्रसंगासारखे का असू नये? यातून १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' निघाला. येथे एखादा प्रकार पंडितांनी ठरविला नाही, तो प्रेक्षकांच्या किंकाळीने ठरविला. पुढे 'दरवाजा', 'पुराना मंदिर', 'तहखाना', 'वीराना', 'पुरानी हवेली' अशी मालिका लागली. ही नावे वाचा : प्रत्येक नाव म्हणजे भरताने सांगितलेला एकेक विभाव आहे. शब्दसंग्रहच मथळा झाला. या चित्रपटांचे ट्रेलरही शब्दसंग्रहाची यादीच वाचीत : दार, तळघर, वीज, किंकाळी. १९९३ मध्ये हीच मंडळी दूरचित्रवाणीवर 'झी हॉरर शो' घेऊन आली, आणि दर आठवड्याची शीर्षक-चित्रे हाच घराघरांतला ट्रेलर झाला.

येथे एक गोष्ट आपल्या वाचकांनी अवश्य टिपावी. 'दो गज जमीन के नीचे'चे चित्रीकरण महाबळेश्वरास झाले. मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबाचा समुद्रकाठचा राजवाडा हा रामसे-पटांतील हवेली म्हणून कित्येकांना ठाऊक आहे. माळव्यातल्या प्रेक्षकाने जी ठाकुराची हवेली म्हणून पाहिली ती कोकणची होती, जे धुके पाहिले ते सह्याद्रीचे होते. जागा मराठी मुलखातली, पण तिचे नाव नाही, तिथल्या माणसांची चालरीत नाही. शब्द होते, व्याकरण नव्हते. हे भूत कोणत्याही मुलखाचे होऊ शकले असते, आणि म्हणून ते कोणत्याच मुलखाचे नव्हते.

याच सुमारास मराठी चित्रपटाने वेगळीच वाट धरली. 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने हास्य आणि भयानक हे परस्परविरोधी रस म्हटले आहेत. मराठी चित्रपटाने त्या दोन वैऱ्यांना एका पंगतीस बसविले. १९८२ चा 'एक डाव भुताचा', महेश कोठारे यांचा १९९३ चा 'झपाटलेला' आणि २००४ चा 'पछाडलेला' ही ठळक उदाहरणे. 'झपाटलेला'ची मूळ कल्पना १९८८ च्या एका अमेरिकन बाहुल्याच्या भयपटाची; पण त्या बाहुल्यात शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचे कसब, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा भाबडेपणा आल्यावर तो पक्का मराठी झाला. आपल्या लोकपरंपरेत भूत हे भीतीइतकेच थट्टेचेही धनी असते. तमाशातल्या सोंगाड्याला भूत दिसले तर तो आधी घाबरेल, मग त्याच्याशी हुज्जत घालील. हिंदीत हा मिश्र प्रकार २०१८ च्या 'स्त्री'ने गाजविला, आणि तो आपल्या मध्य प्रदेशातील चंदेरीत घडतो. रात्री हाक मारणाऱ्या बाईची ती कथा ऐकून मराठी घरांतल्या वृद्धांना 'हाकामारी' आठवली असेल. या प्रकाराचा ट्रेलर दचका देतो आणि लगेच हसवितो. म्हणजे एका वाक्यात दोन गोत्रे सांगतो.

तिसरा काळ अपराधाचा, आणि आमच्या मते आपल्या मराठी भयकथेचे मूळ घर येथेच आहे. मराठीत भयकथा गंभीरपणे लिहिणारे दोन मोठे लेखक, नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०), यांच्या कथा वाचताना हे जाणवते की, त्यांच्यातील भय दाराबाहेरून येते तेव्हाही त्याला आत बोलावणारे कोणीतरी घरातलेच असते. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'ने धारपांच्या कथाबीजाचे ऋण घेतले आणि नाव घेतले ते श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीतल्या गावाचे. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो प्रदर्शित झाला. त्याआधी व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक-सप्ताहाचा प्रारंभ त्याने झाला होता. तरीही पहिल्या फेरीत त्याला माफक प्रतिसाद मिळाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा मात्र पहिल्याहून अधिक प्रेक्षक आले. १९१८ ते १९४७ या काळात एका ब्राह्मण घराण्याची हाव बापाकडून मुलाकडे कशी उतरते, याची ती कथा आहे. हस्तर नावाचा राक्षस तेथे आहे. पण त्याच्या खजिन्याकडे दोरावरून उतरून जाणारा माणूस स्वतःच्या पायांनी जातो, आणि पुढे मुलालाही ती विद्या शिकवितो. ब्रह्मसमंध पुरलेल्या धनावर बसतो, ही आपली जुनी समजूत. तिचे व्याकरण या चित्रपटाने अचूक पकडले. वारसा म्हणून जमीन-वाडा मिळतो तसे पापही मिळते, हे त्याचे सूत्र आहे.

आता त्याचा ट्रेलर पाहा. पाऊस, पडका वाडा, सोन्याच्या मोहरा, हस्तरचे नाव, हे सारे त्यात आहे. शब्दसंग्रह पुरेपूर आहे. बाप मुलाला काय शिकवितो आणि मुलगा शेवटी काय करतो, हे त्यात नाही, असूही शकत नाही. अपराधाला वेळ लागतो. अपराध म्हणजे आधी केलेले आणि नंतर भोगलेले. त्याला भूतकाळ लागतो, कार्यकारणभाव लागतो. दोन मिनिटांत भूत दाखविता येते, भूतकाळ दाखविता येत नाही. म्हणून अपराधाचा भयपट विकायला काढला की त्याचा ट्रेलर वित्रासिताचाच होतो. ट्रेलर आणि चित्रपट यांची जातकुळी येथे वेगळी पडते, आणि जो प्रेक्षक ट्रेलरवरून दचक्यांच्या आशेने येतो तो प्रथम गोंधळतो. 'तुंबाड'ला सहा वर्षे थांबावे लागले याची इतर कारणेही असतील. पण त्या चित्रपटाचे खरे कूळ प्रेक्षकांनी एकमेकांना तोंडी सांगितले, ट्रेलरने नव्हे, असे आम्हांस वाटते.

विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'चे उदाहरण याहून स्पष्ट आहे. २०१७ चा हा मराठी भयपट उसाच्या फडातल्या एकाकी घरात घडतो. आसऱ्याला आलेली गरोदर स्त्री, तिला जपणारी घरची वयस्क बाई आणि फडातून ऐकू येणारी मुले. शेवटी उलगडते ती मुलींच्या हत्येची कहाणी. त्याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये तो हिंदीत 'छोरी' या नावाने केला. नाव हीच पहिली प्ररोचना असते, म्हणून ही दोन नावे शेजारी ठेवून पाहावी. 'लपाछपी' हे मुलांच्या खेळाचे नाव. त्यात अपराध लपलेला आहे आणि तो शोधण्याचे काम प्रेक्षकावर सोडले आहे. 'छोरी' या नावात बळी कोण हे आधीच सांगून टाकले आहे. पहिले नाव भय मागाहून देते, दुसरे आधी. कोणते बरे हा प्रश्न नाही. पण कथा एकच असता प्रेक्षक बदलला की प्ररोचना कशी बदलते, हे यातून दिसते.

आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' ७ जून २०२४ रोजी आला, आणि आपल्या पिंपळावरचे नाव देशभर झाले. मुंज्याला लग्न हवे आहे, एवढे त्याचा ट्रेलर सांगतो, आणि ते खोटे नाही. पण लग्नावाचून मुंज्या अस्वस्थ का? मुंज झाली की मुलगा पहिल्या जन्मातून सुटतो. सोडमुंज आणि लग्न होईतो तो गृहस्थाश्रमात शिरत नाही. या दोन उंबरठ्यांमध्ये मृत्यू आला तर तो ना इकडचा ना तिकडचा, अशी ही कल्पना आहे. म्हणून त्याला घर नाही, पिंपळ आहे. म्हणून काही गावांत त्याला मुंजोबा करून पारावर बसविले आणि नैवेद्य ठेवला. हडळही अशीच : बाळंतपणात गेलेली, जिचे कोणी वेळेवर पाहिले नाही अशी बाई. वेताळ तर कोकणात आणि गोव्यात गावाचा राखणदार देव आहे. आपल्या भुतांना गाऱ्हाणे असते. कोणाचे तरी देणे राहिलेले असते, कोणता तरी संस्कार अपुरा असतो, कोणावर तरी अन्याय झालेला असतो. भूत उतरविणे म्हणजे ते गाऱ्हाणे ऐकणे, आणि कधी कधी ते फेडणे. हे व्याकरण ज्याला माहीत नाही त्याला मुंज्या म्हणजे अंगावर उडी घेणारे एक विद्रूप पोर, एवढेच कळते.

येथे कोणी म्हणेल की, ट्रेलरवर हा भार घालणे अन्यायाचे आहे. त्याचे काम बोलावण्याचे, शिकविण्याचे नव्हे. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. प्ररोचनेनेही कथा सांगितली नाही. सांगितली असती तर नाटक कशाला? पण जुन्या प्रेक्षकाला शकुंतलेची कथा आधीच माहीत असे. प्ररोचना त्याच्या मनातल्या कथेला साद घालीत असे. आजच्या मुलाला मुंज्याची कथा आधी माहीत नसते, ट्रेलरनंतर बहुतेकदा चित्रपटही पाहिला जात नाही. हातातल्या दूरध्वनीवर दुसरा ट्रेलर सुरू होतो. पूर्वी ट्रेलर हा तिकीट काढून आत बसलेल्या माणसाला पुढच्या आठवड्याचे निमंत्रण होता. आता तो स्वतःच पूर्ण वस्तू म्हणून पाहिला जातो. निमंत्रणपत्रिका वाचून जेवण झाल्याचे समाधान मानावे, तसे हे आहे. दोष ट्रेलरचा नाही. त्याच्या मागे जी कथा घरात हवी होती ती नाही.

आपण माळव्यातली मराठी घरे, होळकर, शिंदे आणि पवार यांच्या मागोमाग अठराव्या शतकापासून या मुलखात आलो. येताना देव आणले, कुळाचार आणले, पुरणपोळी आणली. भुतेही आणली असणारच, कारण भुते कुळाचाराबरोबर चालतात. भाषा हिंदीच्या शेजाराने बदलली, तरी श्राद्धपक्ष, मुंज, बारसे यांच्या निमित्ताने त्या कथांचे सांधे टिकले. ते सांधे जसजसे ढिले होतात, तसतशी भुते शब्दसंग्रहात उरतात आणि व्याकरणातून जातात. देव विसरला तर कोणीतरी आठवण करून देतो; भूत विसरले तर कोणालाच हळहळ वाटत नाही. पण त्याच्याबरोबर एक न्यायबुद्धी विसरली जाते. केलेल्या कर्माचे गाऱ्हाणे कधीतरी दारात उभे राहते, ही ती बुद्धी.

या बाबतीत आमच्याआधी एकाने हा प्रवास केलेला आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला. त्यातील वेताळाच्या पंचवीस कथांचा राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे. पुढे लोकपरंपरेत तोच राजा उज्जयिनीचा विक्रम झाला आणि वेताळ क्षिप्रेच्या काठी वस्तीस आला. गोदावरीवरून माळव्यात उतरलेले हे भूत आपल्यापेक्षा कितीतरी जुने रहिवासी आहे. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. स्मशान आहे, मध्यरात्र आहे, खांद्यावर प्रेत आहे. ट्रेलरला हवा तो सारा शब्दसंग्रह आहे. पण वेताळ राजाला दचकवून सोडीत नाही. तो कथा सांगतो आणि शेवटी विचारतो : यात दोष कोणाचा? उत्तर माहीत असून राजाने मौन धरले तर त्याचे मस्तक फुटेल, अशी अट आहे. भय तेथे दाराशी उभे आहे, आत मात्र न्याय बसलेला आहे.

भयपटाचा ट्रेलर यापुढेही येत राहील. पुढचा कदाचित हडळीचा असेल, कदाचित खविसाचा. मुलांनी तो पाहू नये असे आम्ही म्हणणार नाही. पाहून झाल्यावर घरातल्या मोठ्यांनी वेताळाचा तो एक प्रश्न त्यांना विचारावा, दोष कोणाचा, आणि उत्तरासाठी लागणारी कथा स्वतः सांगावी, एवढे सुचवून हा विचार येथे पुरा करतो.